दाढ काढली, पण जखम भरली नाही

१/
दुखरी दाढ काढली की काही आठवड्यांत हिरडी मिटते आणि जबड्यातील रिकामी खोबण हळूहळू नव्या हाडाने भरून येते. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा क्रम तोंडपाठ असतो. मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत निदान चार वेळा असे घडले की दाढ निघाली आणि खोबण भरलीच नाही. उलट जबड्याचे हाडच मरू लागले. चारही वेळा कारण दातात नव्हते. ते रुग्णाच्या कामात, औषधात किंवा आधीच्या आजारपणात होते. आजचा धागा या चार जखमांचा, आणि त्यांच्या आधारे दंतवैद्यकाच्या शिक्षणाविषयी माझे एक मत मांडण्यासाठी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
मत आधीच सांगून टाकतो. तोंडाच्या आणि जबड्याच्या रोगांचे निदान शिकवताना विद्यार्थ्याच्या हाती आरसा आणि क्ष-किरण चित्र देणे पुरेसे नाही. ‘तुम्ही काय काम करता, काय चघळता, कोणते औषध घेता’ हे रुग्णाच्या भाषेत विचारण्याची शिस्त त्याला तितक्याच कसोशीने शिकवली पाहिजे, आणि तिची परीक्षाही घेतली पाहिजे. वैद्यकात याला ‘हिस्ट्री घेणे’ म्हणतात. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला तो शब्द शब्दशः घ्यावासा वाटतो.

३/
पहिली जखम : व्हिएन्ना, १८४५.
१८३० च्या दशकात युरोपात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्यांचे कारखाने उभे राहिले. काडी कुठेही घासली तरी पेटे, म्हणून मागणी अफाट. काड्यांची टोके फॉस्फरसच्या लगद्यात बुडवणारे कामगार, त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ, दिवसभर त्याच्या वाफेत वावरत. काही वर्षांनी दाढदुखी सुरू होई, हिरडी सुजे, पू वाहू लागे. दात काढला तरी जखम मिटत नसे आणि खालून मेलेले हाड डोकावू लागे. व्हिएन्नातील वैद्य फ्रीडरिश विल्हेल्म लोरिन्झर यांनी १८४५ मध्ये काड्यापेटी कामगारांमधील हा विकार नोंदवला.

४/
लोरिन्झर यांनी केले काय? जबडा सडलेले रुग्ण इतरांनीही पाहिले असणार. पण या रुग्णांमध्ये सामाईक काय, हा प्रश्न विचारला की उत्तर कारखान्यापाशी येऊन थांबते. तोंडात डोकावून ‘हाड सडले आहे’ एवढेच कळते. ते का सडले हे कळण्यासाठी माणूस रोज सकाळी कुठे जातो हे ठाऊक असावे लागते. इंग्लंडमधील कामगारांनी पुढे या रोगाला ‘फॉसी जॉ’ असे नाव दिले. रोगाच्या नावातच विषाचे नाव आले.

५/
आता लंडन. १८८८ च्या जूनमध्ये ॲनी बेझंट यांनी ब्रायंट अँड मे या कंपनीतील मुलींच्या स्थितीवर लेख लिहिला, आणि जुलैमध्ये सुमारे १,४०० कामगार, बहुतेक स्त्रिया आणि मुली, संपावर गेल्या. (याच बेझंटबाई पुढे भारतात आल्या आणि होमरूल चळवळीच्या नेत्या झाल्या.) संपाच्या मुळाशी दंड, अपुरे वेतन आणि बडतर्फी हे प्रश्न होते. पण तडजोडीत जेवणासाठी वेगळ्या खोलीची मागणीही मान्य झाली, ती महत्त्वाची आहे. कामाच्या जागीच डबा उघडला की भाकरीवर फॉस्फरस बसणारच.

६/
संपाने पांढरा फॉस्फरस मात्र बंद झाला नाही. कारखान्यात असा रुग्ण आढळल्यास सरकारला कळवणे पुढे कायद्याने बंधनकारक झाले, तरी १८९८ मध्ये याच कंपनीने १७ रुग्णांची माहिती दडवल्याचे उघड झाले. दंड झाला २५ पौंडांच्या आसपास. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा आकडा बोलका वाटतो. रोग ओळखता येत होता, नोंदवण्याचा नियमही होता. पण निदान कंपनीच्या दाराआड राहिले तर ते असून नसल्यासारखेच.

७/
पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, ब्रिटिश गृहखात्यासाठी एक चौकशी अहवाल तयार झाला. तो तिघांनी मिळून लिहिला : रसायनशास्त्रज्ञ टी. ई. थॉर्प, वैद्य टॉमस ऑलिव्हर आणि दंतवैद्य जॉर्ज कनिंगहॅम. कारखान्याच्या चौकशीत दंतवैद्याला समान स्थान मिळाले, कारण प्रश्न जबड्याचा होता. १९०६ चा बर्न येथील आंतरराष्ट्रीय करार आणि १९०८ चा ब्रिटिश बंदी कायदा त्यानंतर आले. भारतातही १९१३ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. व्हिएन्नातील नोंदीपासून तिथवर ६८ वर्षे गेली होती.

८/
दुसरी जखम : न्यू जर्सी, १९२२ ते १९२४.
पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियममिश्रित रंगाने रंगवू लागले, म्हणजे अंधारातही आकडे दिसत. हे काम तरुण मुली करत. कुंचल्याचे टोक अणकुचीदार राहावे म्हणून तो ओठांत धरून वळवण्याची पद्धत होती. प्रत्येक वेळी रेडियमचा कण पोटात जाई. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते आणि हाडात जाऊन बसते. दाढा दुखू लागल्या, काढल्या, आणि जखमा भरल्या नाहीत.

९/
अमेलिया मॅजिया ही त्यांतील एक. तिचा खालचा जबडा अक्षरशः तुकड्यांनी हाती आला. १९२२ मध्ये ती वारली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले : सिफिलिस. पाच वर्षांनी तिचे अवशेष पुन्हा उकरले तेव्हा तिची हाडे किरणोत्सारी असल्याचे सिद्ध झाले. चुकीच्या निदानाने तिचा जीव गेला असे म्हणता येणार नाही, कारण त्या अवस्थेत उपचारच नव्हता. पण त्या एका शब्दाने तिची बदनामी झाली आणि विष मोकळे सुटले. बाकीच्या मुली कुंचला ओठांत धरतच राहिल्या.

१०/
कोडे सुटण्याची सुरुवात एका तळटीपेतून झाली. न्यूयॉर्कचे दंतवैद्य आणि मुखशल्यचिकित्सक थिओडोर ब्लम यांनी १९२४ मध्ये जबड्याच्या हाडातील जंतुसंसर्गावर निबंध वाचला. त्यात तबकड्या रंगवणाऱ्या एका रुग्णाचा उल्लेख करून ‘रेडियम जॉ’ ही संज्ञा त्यांनी तळटिपेत वापरली. पुढच्या वर्षी हॅरिसन मार्टलँड यांनी या कामगारांच्या शरीरातील किरणोत्सार मोजून दाखवला. १९२८ मध्ये पाच जणींचा दावा तडजोडीने मिटला. तळटीप नीट वाचा असे आमचे प्राध्यापक का सांगतात, त्याचे याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

११/
तिसरी जखम : मायामी, २००३.
या वेळी कारखाना नव्हता, औषध होते. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना, तसेच हाडे ठिसूळ झालेल्यांना, बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे दिली जातात. ती हाडांची झीज रोखतात, पण हाडाचे नूतनीकरणही मंदावते. रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये अशा ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या जबड्याचे हाड उघडे पडले होते आणि भरून येत नव्हते. या औषधांच्या रेणूतही फॉस्फरस आहे, म्हणून अनेक वैद्यांना एकोणिसाव्या शतकातील काड्यापेटीवाल्या मुली आठवल्या. जुना रोग जाणणाऱ्यांना नवा रोग ओळखणे सोपे गेले.

१२/
येथे शिक्षणाचा मुद्दा ठळक होतो. अशा रुग्णाची दाढ काढणे हा उपचार न राहता संकटाचे निमित्त ठरू शकतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीच दातांची कामे उरकून घ्यावीत, असा सल्ला आता दिला जातो. पण हे दंतवैद्याला कळणार कसे? साठी ओलांडलेल्या आजी ‘गोळ्या चालू आहेत का’ या प्रश्नाला रक्तदाबाच्या गोळ्या सांगतात. वर्षातून एकदा शिरेतून दिलेले हाडांचे इंजेक्शन त्यांच्या लेखी ‘गोळी’ नसते. प्रश्न नेमका विचारला नाही तर उत्तर खरे असूनही अपुरे असते.

१३/
चौथी जखम : महाराष्ट्र, २०२१.
ही आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर वरच्या जबड्यातील दात एकाएकी हलू लागलेले, टाळूवर काळसर डाग असलेले, गालात बधिरपणा असलेले रुग्ण येऊ लागले. म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडवर दिलेली स्टेरॉइड्स या जोडीने बुरशीला रान मोकळे मिळाले होते. कीड नसलेले, धडधाकट दिसणारे दोन-तीन दात एकदम हलतात, हे पाहून ‘हिरड्यांचा आजार’ असे लिहिणारा दंतवैद्य आणि ‘कोविड कधी झाला होता? साखर किती?’ असे विचारणारा दंतवैद्य, यांच्यात रुग्णाच्या डोळ्याचे, कधी प्राणाचे अंतर होते.

१४/
चारही प्रसंगांचे सूत्र एकच. फॉस्फरस, रेडियम, औषध, बुरशी. कारणे निराळी, पण खुर्चीत बसलेला रुग्ण जवळजवळ तीच तक्रार सांगतो : दाढ दुखते, दात हलतो, जखम भरत नाही. जबड्याचे हाड तोंडाच्या जंतूंपासून केवळ पातळ हिरडीने वेगळे झालेले असते, आणि दात हा थेट त्या हाडात शिरण्याचा मार्ग असतो. म्हणून शरीरातील पुष्कळ उलथापालथ येथे आधी दिसते. दंतवैद्य या उंबरठ्यावर उभा असतो. त्याला केवळ दात पाहण्याचे शिक्षण दिले तर तो दातच पाहील.

१५/
मग दात तोंडापासून वेगळा झाला कधी? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांची संख्या ६५ दिली आहे आणि त्यांची सात स्थाने सांगितली आहेत : ओठ ८, हिरड्या १५, दात ८, जीभ ५, टाळू ९, कंठ १७ आणि सर्व मुखात ३. म्हणजे ६५ पैकी दातांचे रोग फक्त ८, आणि त्यांतही जबडा निखळणे, म्हणजे ‘हनुमोक्ष’, मोजलेला आहे. ‘आपल्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते’ असा अर्थ कृपया काढू नये. त्या रोगांची आजच्या रोगांशी एकास एक जोडी लावता येत नाही. माझा मुद्दा वर्गीकरणाचा आहे. तिथे दात हा तोंडाचा एक भाग आहे, स्वतंत्र राज्य नव्हे.

१६/
स्वतंत्र राज्याची स्थापना झाली अमेरिकेत. १ फेब्रुवारी १८४० रोजी मेरीलँडच्या विधिमंडळाने बाल्टिमोर कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीला सनद दिली. होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस हे तिचे संस्थापक. पहिल्या तुकडीत ५ विद्यार्थी होते, आणि १८४१ मध्ये दोघांना पदवी मिळाली. जगातील हे पहिले दंत महाविद्यालय. वैद्यकीय महाविद्यालयाने दंतविद्येला दार बंद केले म्हणून वेगळी चूल मांडावी लागली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. तिच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. वेगळी चूल मात्र खरी, आणि ती आजही पेटलेली आहे.

१७/
या विभक्तपणाचा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. जत्रेत दात उपटणाऱ्याच्या आणि उमेदवारी करून शिकलेल्या कारागिराच्या जागी पदवीधर आला, नियतकालिके आली, पाठ्यपुस्तके आली. शिवाय पहिल्या पिढीची दृष्टी संकुचितही नव्हती. बाल्टिमोरमध्येच शिकवणारे टॉमस बाँड यांनी १८४८ मध्ये ‘दंतवैद्यक’ या अर्थाचे शीर्षक असलेला ग्रंथ लिहिला आणि तोंडाच्या रोगांचा शरीराच्या अंगाने विचार केला. फिलाडेल्फियाचे जेम्स गॅरेटसन यांनी १८६९ मध्ये तोंड आणि जबड्यांच्या रोगांवर व शस्त्रक्रियेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे वैद्यक आणि दंतवैद्यक या दोन्ही पदव्या होत्या.

१८/
तरीही पोट चालवले ते चांदी-सोने भरण्याने आणि कवळ्यांनी. हात जिथे पैसा मिळवतो तिकडे अभ्यासक्रम झुकतो. १९२६ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानासाठी विल्यम गीज यांनी अमेरिका आणि कॅनडातील दंतशिक्षणाचा जाडजूड अहवाल लिहिला. गीज हे जीवरसायनशास्त्रज्ञ, दंतवैद्य नव्हते. दंतविद्या ही निव्वळ कारागिरी नाही, आरोग्यसेवेचा ती वैद्यकाच्या बरोबरीचा भाग आहे आणि तिची जागा विद्यापीठात आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. शंभर वर्षे होत आली; वाद पुरता मिटलेला नाही.

१९/
भारतात हे शिक्षण आणण्याचे श्रेय डॉ. रफिउद्दीन अहमद यांचे. अमेरिकेतील आयोवा येथे शिकून परतल्यावर त्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा आला, पाठोपाठ भारतीय दंत परिषद स्थापन झाली. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. बी.डी.एस.च्या अभ्यासक्रमात ओरल पॅथॉलॉजी आहे, ओरल मेडिसिन आहे, जबड्याची शस्त्रक्रियाही आहे. म्हणजे कागदावर उणीव नाही. उणीव कुठे आहे ते पाहण्यासाठी आपल्याकडच्या पाचव्या जखमेकडे यावे लागेल. ती सावकाश होते, म्हणून तिची बातमी होत नाही.

२०/
१९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये एक विकार नोंदवला : तोंडाचे अस्तर पांढरट, ताठर होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासे होते. १९५३ मध्ये मुंबईचे नाक-कान-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी आपल्याकडील असेच रुग्ण नोंदवले आणि ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव रूढ झाले. आज त्याचे मुख्य कारण निर्विवाद आहे : सुपारी. तंबाखू नसलेली, ‘साधी’ सुपारीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला मानवासाठी कर्करोगकारक ठरवले. केरळमधील रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला तेव्हा या विकाराच्या ७.६ टक्के रुग्णांत कर्करोग झाल्याचे दिसले.

२१/
सवयीतून रोगापर्यंत पोहोचण्याची मुंबईची परंपरा त्याहून जुनी आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी कर्करोगाचे काही प्रकार थेट लोकांच्या रीतींशी जोडले. खालच्या ओठाआड खैनी ठेवणाऱ्याला नेमका तिथेच कर्करोग, घट्ट धोतर नेसणाऱ्याला कमरेवर. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारा हा माणूस धोतराची गाठही पाहत होता.

२२/
आणि मग दंतवैद्य स्वतः गावात गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटले की आपल्याला भाभा आणि अणू आठवतात. पण तिथे दंतसंशोधनाचाही एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे मुखविकृतितज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांच्या चमूने १९६० च्या दशकात पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची घरोघरी जाऊन तोंडे तपासली. महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात, आणखी १,०१,७६१. पुढे याच परंपरेतील चमूने तीन राज्यांतील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांना दरवर्षी तपासून सवय सोडण्यास समजावले, आणि १९८६ मध्ये दाखवून दिले की त्यामुळे पूर्वकर्करोगाचे चट्टे कमी होतात. येथे संवाद हाच उपचार होता.

२३/
पुणे जिल्ह्याचे नाव आले म्हणून एक शब्द : मशेरी. तंबाखू भाजून, कुटून केलेली ही काळी पूड आपल्याकडे असंख्य स्त्रिया दातांना लावतात. तिला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारा. उत्तर ‘नाही’ येईल, आणि ते प्रामाणिक असेल. तिच्या लेखी ते दात घासणे आहे. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, कुठे नुसता ‘बार भरणे’, कुठे तपकीर. केस पेपरवरच्या ‘सवयी’ या रकान्यात यांपैकी एकही शब्द छापलेला नसतो. ‘व्यवसाय : गृहिणी’ लिहिलेली सोलापूरची बाई दिवसभर घरात विड्या वळत असेल, हेही त्या रकान्यातून कळत नाही.

२४/
उणीव आहे ती येथे. विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने कामे पूर्ण करून द्यावी लागतात. इतकी दातांची भराई, इतक्या कवळ्या, इतके दात काढणे. विद्यार्थी याला ‘कोटा’ म्हणतात. ओरल मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये केस हिस्ट्री लिहाव्या लागतात हे खरे. पण भरलेला कागद तपासणे सोपे आणि विचारलेला प्रश्न तपासणे अवघड. भराई नीट बसली की नाही हे शिक्षक आरशाने पाहतो. रुग्णाला प्रश्न समजला की नाही हे पाहायला त्याला शेजारी उभे राहावे लागेल.

२५/
यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला : हे काम तज्ज्ञांचे. मान्य, शस्त्रक्रिया तज्ज्ञांनीच करावी. पण तज्ज्ञापर्यंत रुग्ण पोहोचतो तो कुणाच्या तरी पहिल्या संशयामुळे. दुसरा : वेळ नाही. ओठ, गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, टाळू आणि मानेतील गाठी क्रमाने पाहायला काही मिनिटे लागतात. तिसरा : याचे पैसे मिळत नाहीत. हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, म्हणूनच सवय विद्यार्थिदशेत लागली पाहिजे. दवाखान्याचे भाडे सुरू झाल्यावर ती लागणार नाही.

२६/
नजर शिकवता येते, याला पुरावा आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून चाललेल्या मोठ्या प्रयोगात दंतवैद्य नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन तोंडे तपासत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. थोड्या प्रशिक्षणाने आरोग्यसेवक हे करू शकतो, तर पाच वर्षे शिकलेल्या पदवीधराकडून ही अपेक्षा धरणे अन्यायाचे नाही.

२७/
म्हणून माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. एक, दाताला हात लावण्यापूर्वी संपूर्ण तोंडाची तपासणी आणि काम-सवय-औषधांची विचारपूस हा कोट्याचा भाग व्हावा, आणि ती शिक्षकासमोर व्हावी. दोन, प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील तंबाखू-सुपारीच्या पदार्थांचा शब्दसंग्रह स्वतः तयार करावा आणि दर काही वर्षांनी सुधारावा. गुटख्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, पण पुड्यांची नावे बदलत राहतात. तीन, फॉस्फरस आणि रेडियमच्या कथा प्रस्तावनेतील रंजक माहिती म्हणून नव्हे, तर निदानाचे धडे म्हणून शिकवाव्यात. ‘खोबण भरत नाही’ एवढेच फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू द्यावेत.

२८/
उपचारांचेही तेच. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये इंजेक्शने आहेत, तोंड उघडण्याचे व्यायाम आहेत, शस्त्रक्रिया आहे. पण सुपारी सुटली नाही तर बाकी सारे पाण्यात. सुपारी का सुटत नाही, हे पहाटे चारला ट्रक घेऊन निघणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही. झोप येऊ नये म्हणून तो ती खातो. त्याला ‘सोडा’ एवढे सांगणे म्हणजे चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून मात्रा न लिहिण्यासारखे आहे.

२९/
या धाग्यावर दंतवैद्यकाचे विद्यार्थी असतील तर दुरुस्त्या आणि मतभेद जरूर मांडावेत. वर्गात काय घडते ते तुम्हीच सांगू शकता. आणि बाकीच्यांना एक विनंती. तुमच्या तालुक्यात तंबाखू-सुपारीच्या पदार्थांना कोणते शब्द आहेत, ते कोण आणि केव्हा वापरते, हे खाली लिहा. घरातल्या आजीला विचारून लिहिलेत तर अधिक चांगले. यादी जिल्हावार लावून पुढच्या धाग्यात देईन. एखाद्या ओपीडीतल्या विद्यार्थ्याला ती उपयोगी पडेल.

आणि हो : तोंडातली जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर धागे वाचत बसू नका. दाखवून या.